चूक की बक्षीस? अनुमस्तिष्काचे शिकणे संगणक आणि माऊसवर कसे मोजावे

हाताला वळण लावायचे दोन मार्ग आहेत. नेम कुठे गेला हे डोळ्यांना दिसले, तर चूक किती आणि कोणत्या बाजूला हे एकाच क्षणी कळते आणि पुढच्या वेळी हात आपोआप थोडा उलट बाजूला सरकतो. दुसऱ्या मार्गात नेम कुठे गेला ते दिसतच नाही. 'लागला' किंवा 'नाही लागला' एवढेच समजते. मग चाचपडत, कधी इकडे कधी तिकडे मारून पाहत, जे जमले ते धरून ठेवावे लागते. पहिले शिकणे अनुमस्तिष्काचे (सेरेबेलम, मेंदूच्या मागे खालच्या बाजूचा लहान मेंदू) आणि दुसरे डोपामाइन (बक्षिसाशी जोडलेले रसायन) व बेसल गँग्लियाचे (मेंदूच्या आतले पेशीसमूह), अशी सरळ वाटणी बरीच वर्षे चालत आली.

ती वाटणी आता तितकी स्वच्छ राहिलेली नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की उंदराने दांडा ढकलला आणि तो साखरपाण्याची वाट पाहू लागला, की अनुमस्तिष्कातल्या काही ग्रॅन्यूल पेशी त्या 'वाट पाहण्या'लाच प्रतिसाद देतात. काही पेशी बक्षीस मिळाल्यावर जाग्या होतात, काही ते हुकल्यावर. त्यामुळे 'अनुमस्तिष्क बक्षिसातून शिकते' असे विधान अलीकडे सर्रास ऐकू येते. पण पेशीत बक्षिसाचा संकेत दिसणे आणि त्या संकेतातून शिकणे घडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वागणुकीत त्या वेगळ्या करून पाहायच्या, तर प्रयोग फार काटेकोर रचावा लागतो. बक्षिसावरचे म्हणून केलेले बरेच प्रयोग प्रत्यक्षात चुकीवरचे निघतात, कारण कुठल्या तरी फटीतून सहभागीला दिशा दिसलेली असते. ही फट बुजवायची कशी, हाच पुढच्या मजकुराचा मुख्य मुद्दा.

यंत्रणा, कामापुरती

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांतल्या सुमारे ६९ अब्ज एकट्या अनुमस्तिष्कात आहेत, जरी वजनाने तो भाग मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढाच आहे. यातल्या बहुतेक चिमुकल्या ग्रॅन्यूल पेशी. त्यांचे तंतू समांतर धावत पुर्किन्ये पेशी नावाच्या मोठ्या पेशींच्या पंख्यासारख्या फांद्यांमधून जातात. एका पुर्किन्ये पेशीवर असे लाखाच्या घरात संपर्क होतात, पण क्लायंबिंग फायबर (पेशीला वेलीसारखा बिलगणारा दुसऱ्या जातीचा तंतू) मात्र एकच येतो. समांतर तंतूंमुळे पुर्किन्ये पेशी सेकंदाला अनेक दहा वेळा साधे विद्युत ठोके देते. क्लायंबिंग फायबरचा ठोका सेकंदाला जेमतेम एकदा येतो, पण तो जबरदस्त असतो. त्याच्या जरा आधी जे समांतर तंतू जागे होते, त्यांचे संपर्क यामुळे दुबळे होतात. मासाओ इतो यांच्या गटाने १९८२ मध्ये हे दुबळे होणे प्रयोगात दाखवले आणि क्लायंबिंग फायबर म्हणजे 'शिक्षक' ही कल्पना पक्की झाली.

शिक्षक नेमके काय सांगतो, हा वादाचा भाग. नेमबाजीसारख्या कामात तो 'चुकलास' असे सांगतो. २०१९ मध्ये मात्र उंदरांमध्ये असे दिसले की बक्षिसाची चाहूल देणारा संकेत आणि प्रत्यक्ष बक्षीस, दोन्हींना काही क्लायंबिंग फायबर प्रतिसाद देतात. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या गटाने अनुमस्तिष्काच्या खोल केंद्रकांतून मध्यमस्तिष्कातल्या व्हीटीएकडे, म्हणजे डोपामाइन पेशींच्या प्रदेशाकडे, थेट जाणारे तंतू दाखवले. ते प्रकाशाने चेतवले की उंदरांना ते हवेसे वाटे. थोडक्यात, वायरिंग दोन्ही बाजूंनी आहे. आता वागणुकीकडे वळू. प्रयोग असा: सहभागीने पेटीखाली झाकलेल्या हाताने माऊस सरकवत पडद्यावरच्या लक्ष्यावर नेम धरायचा. असा एक प्रयत्न म्हणजे एक खेप. प्रयोगाच्या तीन आवृत्त्या आहेत: चूक, बक्षीस आणि बांधलेला कर्सर.

सामान

संगणक, किमान ६० हर्ट्झचा पडदा, तारेचा माऊस, मोजपट्टी, चिकटपट्टी, माऊसचा हात झाकेल अशी पुठ्ठ्याची पेटी आणि मंदगती चित्रण करणारा मोबाइल. माऊसऐवजी पेनची ग्राफिक्स टॅब्लेट मिळाली तर उत्तम. कारण पुढे येईल. बिनतारी माऊस नको. बॅटरी वाचवण्यासाठी तो मध्येच झोपी जातो आणि प्रत्येक खेपेची सुरुवात खराब करतो.

प्रोग्राम कोणत्याही भाषेत लिहा, पण त्याला माऊसच्या कच्च्या हालचाली मिळाल्या पाहिजेत. पडद्यावरचा कर्सर वाचून हात कुठे आहे ते ठरवू नका. कर्सर पडद्याच्या कडेला अडतो, हात अडत नाही. ब्राउझरमध्ये करत असाल तर पॉइंटर लॉक (कर्सर कडेला अडू न देता माऊसची हालचाल देणारी सोय) वापरा.

माऊसची मापे घेणे

पहिले काम, प्रवेग बंद करणे. विंडोजमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' ही खूण काढून टाका. प्रवेग चालू असला की जोरात केलेली हालचाल पडद्यावर जास्त लांब दिसते आणि हाताच्या अंतराचा काहीच भरवसा उरत नाही.

मग माऊस मोजपट्टीला लावून १० सेंटिमीटर सरळ सरकवा आणि प्रोग्रामला किती गणना, म्हणजे माऊसने मोजलेली बारीक पावले, मिळाल्या ते पाहा. खोक्यावर ८०० डीपीआय (दर इंचाला ८०० गणना) लिहिले असले तरी पाच वेळा मोजून सरासरी घ्या. माऊस खरोखर ८०० डीपीआयचा असेल, तर ६ सेंटिमीटरला सुमारे १८९० गणना येतात. लक्ष्याचे वर्तुळ पडद्याच्या मध्यापासून ३०० पिक्सेलवर ठेवायचे असेल, तर गुणक ०.१६ होतो. हात ६ सेंटिमीटर, कर्सर ३०० पिक्सेल. यापेक्षा छोटी हालचाल ठेवली तर ती बोटांनीच होते आणि कोन फार विखुरतात. मोठी ठेवली तर माऊस उचलावा लागतो.

तिसरे माप विलंबाचे. हात हलल्यापासून कर्सर हलेपर्यंत किती वेळ जातो, हे मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींनी चित्रित करून मोजा. दोन्ही एकाच चौकटीत दिसू द्या आणि मधल्या चौकटी मोजा. प्रत्येक चौकट ४.२ मिलिसेकंदांची. २० चौकटी आल्या तर विलंब ८४ मिलिसेकंद. शंभराच्या आत असेल तर काम चालते. चुकीवरून होणारे शिकणे वेळेच्या बाबतीत फार चोखंदळ आहे, फीडबॅक उशिरा आला की ते मंदावते. बक्षीस सेकंदभर उशिरा आले तरी 'जमले' हे माणसाला कळते. चूक आणि बक्षीस या दोन आवृत्त्यांत विलंब वेगवेगळा ठेवून नंतर त्यांची तुलना केली, तर तुम्ही शिकण्याचे प्रकार तोललेले नसतात, तुमच्या संगणकाचा वेग तोललेला असतो.

एक खेप

मध्यभागी छोटे वर्तुळ. कर्सर तिथे अर्धा सेकंद स्थिर राहिला की ४५ अंशावर लक्ष्य उमटावे. सरळ वर किंवा सरळ उजवीकडे लक्ष्य ठेवू नका. त्या दिशांना हाताची जुनी सवय फार पक्की असते. सगळ्या आवृत्त्यांत एकच लक्ष्य ठेवा. एका दिशेला शिकलेले शेजारच्या दिशेला पूर्ण उतरत नाही, ४५ अंश दूर गेले की त्याचा बराचसा भाग गळून पडलेला असतो. अनेक लक्ष्ये घेतली तर प्रत्येकाला वेगळ्या खेपा मोजाव्या लागतील.

हालचाल सपकन, लक्ष्याला छेदून पुढे जाणारी. लक्ष्यावर थांबायला सांगितले की लोक शेवटच्या क्षणी दिशा सुधारतात आणि मूळ नेम कळत नाही. मध्यबिंदू सोडल्यापासून मध्याभोवतीचे ३०० पिक्सेल त्रिज्येचे काल्पनिक वर्तुळ ओलांडेपर्यंत ३०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर 'आणखी वेगाने' असा संदेश द्या. वर्तुळ ओलांडताना हाताचा कोन टिपून ठेवा. सगळी मोजणी या एका आकड्यावर उभी आहे, त्यामुळे तो व्यस्त टॅन्जंटच्या दोन-आर्ग्युमेंटी फलनाने (atan2) काढा आणि लक्ष्याच्या दिशेतून वजा करून उणे १८० ते अधिक १८० या मर्यादेत आणा.

परतीच्या प्रवासात एक फट असते. हात मध्यावर परत आणताना कर्सर दाखवला, तर हात खरोखर कुठे आहे हे सहभागीला दिसते आणि बक्षिसाच्या आवृत्तीत तेवढ्याने चुकीची दिशा फुटते. म्हणून परतताना कर्सरऐवजी मध्याभोवती एक कडे दाखवा, ज्याची त्रिज्या हाताच्या अंतराएवढी असेल. कडे आक्रसले की हात जवळ आला, एवढेच कळते. दिशा कळत नाही. शेवटच्या सेंटिमीटरभरात खरा कर्सर उमटला तर चालते.

पहिली आवृत्ती: चूक

हात वर्तुळ ओलांडतो त्या क्षणी कर्सर त्या जागी अर्धा सेकंद दाखवायचा, पण ३० अंश वळवून. अर्ध्या सहभागींना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, अर्ध्यांना उलट. गुण नाहीत, आवाज नाही, शाबासकी नाही. लक्ष्याला कर्सर लागला म्हणून ते फुटल्याचा परिणाम वगैरे घालू नका. ते बक्षीसच झाले.

दुसरी आवृत्ती: बक्षीस

इथे कर्सर अजिबात दिसत नाही. सहभागीला फक्त सांगायचे, 'लक्ष्य हिरवे झाले तर गुण मिळाला. जास्तीत जास्त गुण मिळवा.' कोणत्या बाजूला वळायचे ते सांगायचे नाही. नेम न लागल्यास काहीही दाखवू नका. लाल रंग, कर्कश आवाज किंवा गुण कापणे म्हणजे शिक्षा, आणि ती वेगळीच वाट आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिक्षेमुळे शिकणे वेगाने झाले, तर बक्षिसामुळे शिकलेले जास्त टिकले. दोन्ही एकत्र केले की काय कशामुळे झाले ते उकलता येत नाही.

बहुतेक प्रयोग इथे आपटतात, आणि आपटण्याचे कारण साधे आहे. '१५ अंश वळलास तरच गुण' असा पक्का उंबरठा ठेवला जातो. पण सरळ नेम धरणाऱ्या हाताचे विखुरणे सुमारे ४ अंश असते. १५ अंश म्हणजे जवळजवळ चार प्रमाण विचलने. दोनशे खेपांत एकदाही चुकून तिथे हात जाणार नाही. जे कधी मिळालेच नाही त्यातून शिकायचे तरी काय? उंबरठा सहभागीच्या मागोमाग सरकवावा. शेवटच्या १० खेपांच्या कोनांची सरासरी काढा आणि आताचा कोन हव्या दिशेला त्या सरासरीच्या पुढे असेल तर गुण द्या. अशाने सुरुवातीपासून साधारण निम्म्या खेपांना गुण मिळतो आणि हात हळूहळू हव्या बाजूला ओढला जातो. १५ ते २५ अंशांच्या पट्ट्यात पोहोचल्यावर मात्र दर वेळी गुण द्या आणि २५ च्या पलीकडे देऊ नका. वरची मर्यादा नसेल तर काही जण वळत वळत ७० अंशांपर्यंत जातात आणि आलेख छान दिसत असला तरी निरुपयोगी ठरतो.

तिसरी आवृत्ती: बांधलेला कर्सर

आमच्या मते सर्वांत बोलकी आवृत्ती हीच. कर्सर हाताबरोबर पुढे जातो, पण त्याची दिशा हातावर अवलंबून नसते. तो दर वेळी लक्ष्याच्या ३.५ अंश बाजूनेच जातो. सहभागीला हे आधीच स्पष्ट सांगायचे: 'कर्सर तुमच्या ताब्यात नाही. त्याच्याकडे दुर्लक्ष करा आणि हात सरळ लक्ष्याकडे न्या.' माणूस ते मान्य करतो, आणि तरीही त्याचा हात दर खेपेला अंशाच्या थोड्या भागाने उलट बाजूला सरकत राहतो. बऱ्याच जणांना शेवटपर्यंत पत्ता नसतो. अनुमस्तिष्काला सूचना कळत नाहीत, त्याला फक्त चूक दिसते.

आता यात बक्षीस मिसळा. ३०० पिक्सेल त्रिज्येवर ३.५ अंश म्हणजे सुमारे १८ पिक्सेल. कर्सरची त्रिज्या ४ पिक्सेल ठेवा. एका गटाला १० पिक्सेल त्रिज्येचे लक्ष्य द्या: कर्सर लक्ष्याला निसटता चुकवून जातो, मध्ये ४ पिक्सेलची फट राहते. दुसऱ्या गटाला ३० पिक्सेल त्रिज्येचे: तोच कर्सर पूर्णपणे लक्ष्याच्या आत जातो. चुकीचा कोन दोघांना अगदी सारखा, फरक फक्त 'लागला' आणि 'नाही लागला' एवढाच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच प्रयोगात मोठ्या लक्ष्याच्या गटाचे अनुकूलन, म्हणजे हाताचे हे आपोआप सरकणे, ठळकपणे कमी झाले. म्हणजे यश हे चुकीशी समांतर चालणारे वेगळे शिकणे तर आहेच, पण ते चुकीवरच्या आपोआप शिकण्याचा लगामही ओढते. बक्षीस आणि अनुमस्तिष्क यांची गाठ माणसाच्या वागणुकीत बघायची, तर ती इथे बघावी.

लक्ष्याचा आकार बदलला की नेम धरण्याची काळजीही बदलते, हा आक्षेप येईलच. त्यासाठी तिसरा गट ठेवा: ३० पिक्सेलचेच लक्ष्य, पण त्याच्या मधोमध एक ठळक रेघ, म्हणजे कर्सर लक्ष्याच्या आत असूनही रेघेच्या एकाच बाजूला पडतो.

क्रम आणि संख्या

आधी खऱ्या कर्सरसह २० खेपा, हात मोकळा होण्यासाठी. मग फीडबॅकशिवाय ४०; हीच मूळ पातळी. मग शिकण्याच्या २००. शेवटी पुन्हा फीडबॅकशिवाय ४०. एकूण ३००, दर खेपेला सुमारे ४ सेकंद धरले तर २० मिनिटे.

शेवटच्या ४० खेपांआधी एक सूचना अत्यावश्यक आहे: 'आतापर्यंत काही युक्ती वापरत असाल तर सोडा. हात थेट लक्ष्यावर न्या.' युक्ती म्हणजे मुद्दाम बाजूला नेम धरणे. ३० अंशांच्या वळणात लोकांना ते पाच-दहा खेपांत उमगते. सूचनेनंतरही जो कल उरतो तोच आपोआपचा भाग. पहिल्या आवृत्तीत शिकण्याच्या शेवटी कोन २५-२८ अंशांपर्यंत पोहोचला आणि सूचनेनंतर १५ अंश उरला, तर १५ आपोआपचे आणि बाकीची युक्ती. आपोआपचा भाग साधारण १५ ते २५ अंशांवर अडतो. वळण ६० अंश केले तरी तो दुप्पट होत नाही. दुसऱ्या आवृत्तीत बऱ्याचदा सूचना देताच कल कोसळतो, कारण बक्षिसातून शिकलेल्याचा मोठा वाटा जाणूनबुजून धरलेल्या नेमाचा असतो. हा फरक न मोजता नुसते शिकण्याचे आलेख एकमेकांशेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

सूचना वाचायला १० सेकंद पुरेत. तिथे विश्रांती देऊ नका. आपोआपचे अनुकूलन वेळेबरोबरही विरते, मिनिटभरात त्याचा काही भाग जातो. विश्रांती द्यायचीच तर शिकण्याच्या मध्यावर, शंभराव्या खेपेनंतर, आणि सर्वांना सारखीच.

प्रत्येक गटात १६ ते २० जण घ्या आणि एका माणसाला एकच आवृत्ती द्या. एकदा वळणाशी झुंजलेला माणूस दुसऱ्यांदा लवकर शिकतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःवर करून पाहिलेली दुसरी आवृत्ती मोजणीत धरू नये, त्याला दिशा माहीत असते.

आकडेमोड

प्रत्येकाची मूळ पातळी त्याच्या सर्व कोनांतून वजा करा आणि वळणाची दिशा उलटी असलेल्यांची चिन्हे पालटा. लक्ष्याच्या ९० अंशांहून दूर गेलेल्या आणि ३०० मिलिसेकंदांहून मंद खेपा गाळा. पहिल्या व तिसऱ्या आवृत्तीत फार भरकटलेल्या खेपाही गाळता येतात, पण दुसऱ्या आवृत्तीत ते करू नका. तिथे भरकटणे हेच शिकण्याचे साधन आहे. चाळणी लावली की नेमका शोधाचा भाग कचऱ्यात जातो.

चुकीवरच्या शिकण्याचे साधे गणित असे: पुढचा कोन = धारणा × आताचा कोन + शिकवेग × चूक. धारणा म्हणजे शिकलेल्यातला पुढच्या खेपेपर्यंत टिकणारा वाटा, शिकवेग म्हणजे चुकीतला एका खेपेत दुरुस्त होणारा वाटा. धारणा ०.९७ आणि शिकवेग ०.१ धरले, तर ३० अंशांच्या वळणात हात २३ अंशांवर स्थिरावतो. आता धारणा ०.९४ आणि शिकवेग ०.२ घेऊन पाहा: पुन्हा २३ अंशच! नुसत्या शेवटच्या पातळीवरून हे दोन हात वेगळे ओळखता येत नाहीत. फीडबॅक काढल्यावर २० खेपांनी मात्र पहिला साडेबारा अंशांवर असतो आणि दुसरा सात अंशांच्या खाली. म्हणून शेवटच्या ४० खेपा गाळू नयेत, आणि सूत्रातले आकडे त्यांच्यासह जुळवावेत.

हेच सूत्र बांधलेल्या कर्सरला जसेच्या तसे लावू नका. तिथे चूक कधीच कमी होत नाही, त्यामुळे १५ अंशांची बांधलेली चूक आणि वरचेच आकडे घेतले तर सूत्र ५० अंशांचे भाकीत करते. प्रत्यक्षात हात त्याच्या जवळपासही जात नाही. दर खेपेची दुरुस्ती चुकीच्या प्रमाणात वाढत जात नाही, ती लवकरच एका मर्यादेला लागते. तेव्हा चुकीऐवजी ठरावीक दुरुस्ती धरा. दर खेपेला ०.६ अंश आणि धारणा ०.९७ असेल तर शेवट २० अंशांवर होतो.

बक्षिसाच्या आवृत्तीत लोक हमखास एक मोजणी करतात: गुण न मिळाल्यावर पुढच्या खेपेत कोन किती बदलला आणि गुण मिळाल्यावर किती. गुण हुकल्यावर बदल मोठा दिसतो आणि 'हा पाहा शोध' असे लिहिले जाते. जरा थांबा. गुण हुकलेली खेप ही मुळातच सरासरीच्या एका बाजूला पडलेली होती. काहीही न शिकता हात पुढच्या वेळी सरासरीकडे परतला तरी बदल दिसणारच. उपाय सोपा आहे. फीडबॅक नसलेल्या मूळ ४० खेपांना तोच उंबरठ्याचा नियम लावून खोटे 'गुण' द्या आणि तीच मोजणी करा. खऱ्या बक्षिसाचा परिणाम म्हणजे या खोट्या फरकावर जे उरते तेवढेच. पुष्कळदा फार थोडे उरते.

कुठे फसते

सर्वांत छुपी चूक माऊस धरणाऱ्या मनगटातली आहे. माऊस स्वतःच्या दिशेने मोजतो, टेबलाच्या नव्हे. सहभागीने शिकता शिकता माऊस १० अंश फिरवून धरला, तर हात सरळ जात असूनही प्रोग्रामला १० अंश वळण दिसेल. ते शिकण्यासारखेच हळूहळू वाढते, म्हणून आलेखात ओळखू येत नाही. माऊसच्या पाठीवर चिकटपट्टीची सरळ रेघ मारा, टेबलावर तशीच एक रेघ मारा आणि पेटीखालून चित्रण करून ठेवा. टॅब्लेटवर पेनची जागा निरपेक्ष मोजली जाते, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. ती घ्या म्हटले ते यासाठी.

वळण सुरू होताच प्रतिसादाला लागणारा वेळ ३५० वरून ७०० मिलिसेकंदांवर उडाला, तर माणूस युक्ती रचतोय. ते चूक नाही, पण नोंद हवी. युक्तीच नको असेल तर वळण एकदम न देता दर खेपेला पाव अंशाने वाढवा. ३० अंशांना १२० खेपा लागतील.

बांधलेल्या कर्सरवर ज्याचा हात कर्सरच्याच दिशेने जातो, त्याला सूचना समजलेली नाही. अशा वेळी सूचना तोंडी सांगून न थांबता तीन प्रात्यक्षिक खेपा द्या. लक्ष्य उजवीकडे असताना 'हात डावीकडे न्या' म्हणा. कर्सर तरीही लक्ष्याकडेच जातो हे दिसले की विश्वास बसतो.

वाढीव पडताळा हवा असेल तर शेवटी पेटीखालचा हात न पाहता तो कुठे गेला होता ते दुसऱ्या हाताने दाखवायला सांगा. चुकीतून शिकलेल्यांचा अंदाज कर्सरच्या बाजूला सरकलेला असतो, नुसत्या बक्षिसातून शिकलेल्यांचा सरकत नाही. २०११ मध्ये इझावा आणि शादमेहर यांनी दाखवलेला हा फरक दोन्ही मार्ग वेगळे करण्याची आजही उत्तम खूण आहे.

निकाल वाचताना

या प्रयोगात अनुमस्तिष्क दिसत नाही, त्याची सावली दिसते. ती सावली त्याचीच, असे म्हणण्याचा आधार रुग्णांच्या अभ्यासातून येतो. अनुमस्तिष्काची झीज झालेल्या लोकांचे चुकीवरचे अनुकूलन दुबळे असते आणि टिकत नाही. २०१६ मध्ये थेरियन, वोल्पर्ट आणि बॅस्टियन यांनी अशाच रुग्णांना सरकत्या उंबरठ्याचे बक्षीस दिले. ते शिकले, आणि शिकलेले जास्त टिकलेही. पण निरोगी माणसांपेक्षा हळू, कारण त्यांच्या हाताच्या अनियंत्रित विखुरण्यामुळे गुण मिळाला तो कोणत्या हालचालीबद्दल, हेच त्यांना नीट कळत नव्हते. म्हणजे बक्षिसाचे शिकणे अनुमस्तिष्काशिवाय चालते, पण लंगडत. दुसऱ्या आवृत्तीत सावकाश शिकणारा सहभागी भेटला, की तो बक्षिसाबाबत उदासीन आहे असे ठरवण्याआधी त्याच्या मूळ ४० खेपांचे विखुरणे पाहा.

माकडांमधला २०२० चा एक निष्कर्षही हाताशी ठेवावा. नवे चिन्ह आणि हाताची कृती यांची जोडी शिकताना पुर्किन्ये पेशींचे साधे ठोके 'मागचा निर्णय बरोबर होता की चूक' हे धरून ठेवत होते, आणि जोडी पक्की झाल्यावर तो संकेत विरला. अशा शिकण्यात चुकीला कोनच नसतो. आपल्या तीन आवृत्त्यांपैकी एकही ते मोजत नाही, म्हणून त्यांच्या निकालावरून 'अनुमस्तिष्काला बक्षीस कळत नाही' असे लिहू नका.

आणि एक स्वस्त पडताळा. पहिली आवृत्ती नव्या गटावर पुन्हा करा, फक्त कर्सर सेकंदभर उशिरा दाखवा. शिकण्याचा आलेख जवळपास तसाच राहिला पण सूचनेनंतर उरणारा कल निम्म्याहून खाली आला, तर तुमची मांडणी दोन मार्ग वेगळे करते आहे. कल तसाच राहिला, तर प्रोग्राममध्ये कुठेतरी खरा कर्सर वेळेआधी झळकतोय. परतीच्या कड्यापासून शोधायला सुरुवात करा.